पालथे माप

धावडदरीचा बाजार शुक्रवारी भरत असे. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारी असे म्हणून तो वार ठरला, असे काही जण सांगतात. बाजार निजामाहूनही जुना आहे, असे दुसरे काही सांगतात. दोहोंपैकी कशाचाही पुरावा मला मिळालेला नाही. एवढे निश्चित, की जिंतूरच्या उत्तरेच्या डोंगरातील आंध आदिवासींच्या वस्त्या आणि लमाणांचे तांडे आठवड्यातून एकदा त्या सपाटीवर उतरत, आणि खालच्या काळ्या रानातील शेतकरी तेथवर चढून जात. पेडगावाहून गुरुवारी पहाटे निघालेली बैलगाडी जिंतूरला मुक्काम करून शुक्रवारी उन्हे वर येईपर्यंत पायथ्याशी पोहोचे. गाडी तेथेच सोडायची, गोण्या बैलांच्या पाठीवर टाकायच्या आणि पुढचा चढ पायी चढायचा.

पेडगावच्या कस्तुराबाई हा चढ पहिल्यांदा चढल्या त्या १९३९ च्या हिवाळ्यात. साल मी त्यांच्या नातवाच्या जन्मावरून काढले आहे. थोरली मुलगी दैवशाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिच्या लाडवांसाठी धावड्याचा डिंक हवा होता. परभणीच्या दुकानात बाभळीचा डिंक धावड्याचा म्हणून खपवतात, अशी त्यांची खात्री होती. एकूणच आपल्याला कोणी फसवील, ही शंका त्यांच्या मनातून सहसा जात नसे. मला त्या भेटल्या तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या, आणि माझी वही उलटी धरून पाहिल्याशिवाय त्यांनी बोलायला सुरुवात केली नाही. अक्षरओळख नव्हती, पण कोऱ्या पानावर आधीच काही लिहून ठेवलेले नाही ना, हे त्यांना पाहायचे होते.

नवरा आश्रुबा जवारी आणि मिरच्या घेऊन निघाला होता, वर बांबू घ्यायचे होते. कस्तुराबाईंनी बदल्यासाठी खडे मीठ घेतले. डोंगरात तेव्हा नाण्यापेक्षा मिठाला मान होता. मोहाच्या एका जुन्या झाडाखाली आंध बायका ओळीने बसल्या होत्या. पुढ्यात पळसाच्या पानांवर चारोळी, बिब्बे, आवळे आणि डिंकाचे ढीग. त्यातल्या एकीचा डिंक पिवळसर, पारदर्शक, एकाच झाडाचा वाटावा असा होता. तिचे नाव बायनाबाई. वयाने कस्तुराबाईंच्याच बरोबरीची, अंगाने उंच, हात मोठे.

“कसा दिलास डिंक?” कस्तुराबाईंनी विचारले.

“मिठाला बराबर. मापाला माप.” बायनाबाईंनी लाकडाचे कोरीव मापटे पुढे ओढले. ते वापरून काळे पडले होते आणि त्याच्या काठाला एक तडा होता.

कस्तुराबाईंचे स्वतःचे माप पायथ्याला गाडीत राहिले होते. त्यांनी तडा पाहिला आणि त्यांना वाटले, हिच्या मापात काहीतरी गोम आहे. “तुझं माप नको, बाई,” त्या म्हणाल्या. “ओंजळीनं घाल.”

बायनाबाईंचा हात थांबला. “ओंजळीनं? नक्की?”

“नक्की मनजे? मला काय मीठ जड झालंय?”

बायनाबाईंनी मापटे उचलले, दोघींच्या मधोमध जमिनीवर पालथे ठेवले आणि पहिली ओंजळ भरून डिंक कस्तुराबाईंच्या पदरात टाकला. आजूबाजूच्या बायका हसू लागल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने कपाळाला हात लावला.

“झालीस की गं तू हिची,” ती कस्तुराबाईंना म्हणाली. “माप पालथं पडलं. आता तुमी बहिणी.”

त्या बाजाराची चाल अशी होती: परक्याला माप, नात्याला ओंजळ. ज्या दोन बायका एकमेकींचा माल न मोजता घेतील, त्यांच्यामध्ये माप पालथे घालायचे, आणि तेव्हापासून त्या बहिणी. ही चाल साऱ्या डोंगरात होती असे मी म्हणणार नाही. मला ती या एका बाजारापुरती, दोन्हीकडच्या माणसांनी स्वतंत्रपणे सांगितली. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. हे नाते जुळले ते अविश्वासातून. कस्तुराबाईंनी माप नाकारले ते फसवणूक होईल म्हणून, आणि समोरच्या बाईने त्याचा अर्थ विश्वास असा घेतला.

आश्रुबा बांबू ठरवून परत आला तेव्हा त्याला सगळी हकिगत सांगण्यात आली. तो मोकळ्या तोंडाचा माणूस होता.

“मनजे मला मेहुणी झाली मना की,” तो म्हणाला. “बायकोसाठी बापाला बैल इकावा लागला, अन् मेहुणी फुकट!”

“फुकट कसं, दाजी?” बायनाबाई म्हणाल्या. “पुढल्या येळी गूळ आणा. न्हाई आणला तर बैल ठिवून घेते.”

उतरताना कस्तुराबाईंनी पदरातले ओझे हाताने तोलून पाहिले. तीन ओंजळी मीठ दिले होते, तीन ओंजळी डिंक आला होता. पण बायनाबाईंची एक ओंजळ त्यांच्या दीड ओंजळीएवढी होती. पेडगावात पाण्यावर जमलेल्या बायकांना त्यांनी ते हात पसरून दाखवले. “येडी हाय ती,” त्या म्हणाल्या. “मोजतच न्हाई.” बायका खूप हसल्या. पुढची तीन वर्षे, दर हिवाळ्यात बाजारावरून आल्यावर, त्यांनी तेच वाक्य सांगितले आणि बायका दर वेळी हसल्या. हे त्यांनी मला न विचारता सांगितले आणि लिहून घ्यायला लावले.

त्या तीन वर्षांत बाकीचेही काही झाले. दुसऱ्या हिवाळ्यात चढावरच कस्तुराबाईंना ताप भरला. बायनाबाईंनी दुकान शेजारणीवर टाकून त्यांना आपल्या घरी नेले, चुलीजवळ घोंगडी अंथरली आणि भगरीची पेज पाजली. बरोबर धाकटी मुलगी कोकिळा होती, दहा वर्षांची. तिला टेंभुर्णीची फळे मिळाली आणि “मावशी म्हण” अशी ताकीद मिळाली. ती मावशी म्हणू लागली. परतताना कस्तुराबाईंनी मुलीला दुसरी ताकीद दिली: पेजेची गोष्ट गावात काढायची नाही. आंधाच्या घरी जेवलो हे कळले असते तर पेडगावातल्या किती घरांनी त्यांच्या हातचे पाणी नाकारले असते, हे मला ठरवता येत नाही. कदाचित एकानेही नसते. त्यांनी ते आजमावून पाहिले नाही.

चौथ्या हिवाळ्यात कोकिळाचे लग्न ठरल्याचे त्यांनी बाजारात सांगितले. मुलगा पिंगळीचा, वडील व्यंकटराव, दोन विहिरींचे बागायतदार. बायनाबाईंनी दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर मोडली.

“कधी?”

“वैशाखात. मावशीनं यायचं बरं का!”

“मावशीबिगर लगीन लागतंय व्हय?” बायनाबाई म्हणाल्या.

कस्तुराबाईंच्या मते ते नुसते बोलायचे म्हणून बोलणे होते. डोंगरातली बाई उन्हाळ्यात तीन मुक्काम चालत कशाला येते!

ती आली. १९४३ चा वैशाख. मांडवात पिंगळीचे वऱ्हाड टेकले होते, हळद झाली होती, अक्षतांना अवकाश होता. कोकिळाची सासू पार्वतीबाई मानाच्या जाजमावर बसून पेडगावच्या पाण्याला नावे ठेवत होती. बायनाबाई मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्यावर एक गाठोडे, हातात दुसरे लहान. ओळखीचा चेहरा दिसताच त्या हसल्या.

“अक्का,” त्या म्हणाल्या, “कुठं बसू?”

या प्रश्नाला त्या लग्नात एकच योग्य उत्तर होते. मावशीची जागा नवरीजवळ, हळदीच्या पाटाशेजारी. ती जागा द्यायची तर पार्वतीबाईंच्या पंक्तीला आंध बाई बसवावी लागणार होती. कस्तुराबाईंनी जाजमाकडे पाहिले.

“इहीनबाई,” पार्वतीबाईंनी जाजमावरून विचारले, “ही कोण वं?”

“डोंगरातली हाय,” कस्तुराबाई म्हणाल्या. “डिंकवाली. इकायला आली आसंल.”

हे वाक्य मी दोघींकडून ऐकले आहे, आईकडून आणि मुलीकडून, वेगवेगळ्या दिवशी, आणि त्यात एका शब्दाचाही फरक नाही. बाकी तपशिलात फरक आहेत. लहान गाठोड्यातून चोळीचा खण डोकावत होता. आईच्या म्हणण्याप्रमाणे तो हिरवा होता, मुलीच्या म्हणण्याप्रमाणे लाल. मी दोन्ही रंग नोंदवून ठेवले आहेत. तो मावशीचा आहेर होता, याविषयी मतभेद नाही.

बायनाबाईंनी लहान गाठोड्याची गाठ आवळली आणि ते काखेत धरले. मग मोठे गाठोडे खाली ठेवून त्या मांडवाबाहेर उन्हात बसल्या.

“व्हय,” त्या पार्वतीबाईंकडे पाहून म्हणाल्या. “डिंक हाय. धावड्याचा.” आणि मग कस्तुराबाईंकडे न पाहता, “माप आण, बाई.”

अक्काची बाई झाली होती. कस्तुराबाई आत गेल्या आणि घरचे पितळी मापटे घेऊन आल्या. पार्वतीबाईंना डिंक आवडला. त्यांनी खडा दाताखाली धरून पाहिला, भाव पाडून पाहिला, “डोंगरातली लोकं बरी हायेत, लबाडी येत न्हाई त्यायला,” असे शेजारणीला सांगितले आणि सगळाच डिंक आपल्या गाडीत टाकायला लावला. बदल्यात काय हवे, असे विचारल्यावर बायनाबाई म्हणाल्या, “मीठ.” डिंक भरल्या मापाच्या काठावरून तळहात फिरवून सपाट मोजला गेला, मीठही सपाट मोजले गेले. माप कस्तुराबाईंनी धरले होते. मापातून मीठ सांडत होते, आणि बायनाबाई सांडलेले खडे वेचून पुन्हा मापात टाकत होत्या, म्हणजे कमीही नको आणि जास्तही नको.

कोकिळा मुंडावळ्यांआडून हे सारे पाहत होती. “मी हाक मारू शकत होते,” कोकिळाबाई मला म्हणाल्या. “तोंडात शब्द आला होता. पण आय बोलंना, मग मीबी बोलले न्हाई.” त्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. मी तसे म्हणून दाखवले, तर त्यांनी मान हलवली. “तेरा लय असतेत,” त्या म्हणाल्या.

आश्रुबा वऱ्हाडाच्या बैलांना वैरण टाकून आला तोवर बायनाबाई वेशीपाशी पोहोचल्या होत्या. तो मागे धावला. पाणी तरी पिऊन जा, म्हणाला. त्या थांबल्या, पण पाणी घेतले नाही.

“ऊन झालंय, दाजी. येते मी,” त्या म्हणाल्या. “बाजारात या.”

लग्न लागले, वऱ्हाड गेले. तिसऱ्या दिवशी मांडव सोडताना आश्रुबाने पहिल्यांदा तो विषय काढला. आवाज चढवला नाही.

“मला दाजी मनली ती जाताना,” तो म्हणाला. “तुला काय मनली?”

कस्तुराबाईंनी मांडवाची पुढची गाठ सोडली. त्या पावसाळाभर त्याने पुन्हा विचारले नाही. पाण्यावरच्या बायकांनी मात्र विचारले, “ती येडी डिंकवाली आली होती म्हणं?” त्या दिवसापासून कस्तुराबाई पाण्याला ऊन चढल्यावर, कोणी नसताना जाऊ लागल्या.

वाट सुकली तेव्हा, कार्तिकात, त्या धावडदरीला निघाल्या. त्या वर्षी युद्धापायी मीठ वेळेवर येत नव्हते, तरी त्यांनी साठवून ठेवले होते. बरोबर एक लुगडे घेतले. ओंजळीएवढे मीठ वेगळ्या फडक्यात बांधले. चढावर आश्रुबा म्हणाला, “मी बोलू का आधी?” त्या म्हणाल्या, “तुमी बैल धरा.”

मोहाखाली ओळ तशीच होती. म्हाताऱ्या शेजारणीने त्यांना येताना पाहिले आणि ती बोलता बोलता थांबली. मग पुढची, मग तिच्या पुढची. कस्तुराबाई बायनाबाईंसमोर बसल्या. लाकडी मापटे डिंकाच्या ढिगाला टेकून सुलटे ठेवले होते. त्यांनी फडके सोडले आणि ओंजळ भरून मीठ पुढे केले.

बायनाबाईंनी मापटे उचलून त्या ओंजळीखाली धरले. मीठ त्यात पडले. त्यांनी माप हलवून सारखे केले आणि आत पाहिले.

“माप भरत न्हाई, बाई,” त्या म्हणाल्या, आणि मीठ परत कस्तुराबाईंच्या पदरात ओतले.

“बायना...”

“आणखी आसंल तर दे. डिंक देते. चांगला हाय.”

कस्तुराबाईंनी मापट्याला हात घातला. ते पालथे घालायचे होते. बायनाबाईंनी ते सोडले नाही. दोघींच्या हातात ते क्षणभर राहिले, आणि बळ बायनाबाईंचे जास्त होते. तेव्हा कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या आणि साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

“मी खोटं बोलले! मांडवात. ही डिंक इकायला आली नव्हती. माझ्या लेकीला आहेर घिऊन आली होती. माझी बहीण हाय ही!”

पलीकडच्या लमाण बायकाही वळून पाहू लागल्या. बायनाबाईंनी पानावरचा डिंक सारखा केला.

“इथं सांगून काय करतीस?” त्या शांतपणे म्हणाल्या. “इथं सगळ्यायला ठाऊक हाय. तिथं ठाऊक न्हाई.”

“तिथं कसं सांगू? लेक नांदायली तिथं.”

“मग नांदू दे,” बायनाबाई म्हणाल्या. “मी काय उठून चालले व्हय? सांगून ये. माप इथंच हाय.”

लुगडे गाठोड्यातून बाहेरच आले नाही. कस्तुराबाईंनी आणखी मीठ काढले आणि दोन मापे डिंक घेतला. सपाट, काठोकाठ. घरी येऊन पितळी मापाने पुन्हा मोजला. दोन मापे भरली. तड्याचे ते माप पहिल्यापासून खरे होते.

त्यानंतर कस्तुराबाई पिंगळीला चार वेळा गेल्या. तारखा कोकिळाबाईंनी बाळंतपणे आणि बारशी यांच्यावरून सांगितल्या. मधल्या काळात रझाकारांची धास्ती आली, पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य गेले, पार्वतीबाई आजारी पडून बऱ्या झाल्या. चारही वेळा जाताना बोलायचे ठरले होते. एकदा तर पार्वतीबाईंनीच विषय काढला: तसला डिंक पुन्हा कुठे मिळाला नाही, ती बाई येते का अजून? कस्तुराबाई म्हणाल्या, “न्हाई येत.” १९५० च्या पावसाळ्यात पार्वतीबाई वारल्या. सांगायचे ज्याला होते ते माणूस राहिले नाही. त्या दिवशी आपल्याला रडू आले ते विहिणीसाठी नव्हते, आणि लोकांनी ते विहिणीसाठी समजून आपले सांत्वन केले, हेही कस्तुराबाईंनी मला सांगितले.

बाजार त्यांनी सोडला नाही. दर हिवाळ्यात त्या जात राहिल्या, बायनाबाईंकडूनच डिंक घेत राहिल्या. “कधी कमी दिला न्हाई तिनं,” त्या म्हणाल्या. “एक खडा कमी दिला असता तर मला भांडाया तरी आलं असतं.”

मी धावडदरीला जाऊन आलो. बायनाबाई १९६१ मध्ये वारल्या. त्यांच्या सुनेने मापटे दाखवले. काठाला तडा आहे. खालून एक बाई दर हिवाळ्यात येत असे, हे सुनेला आठवते. “सासू तिची वाट बघायची,” ती म्हणाली. “ती आली का सासू मनायची, सांगितलं का गं? ती मान खाली घालायची. मंग सासू माप उचलायची.” काय सांगायचे होते, हे सुनेला माहीत नव्हते. मी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “अन् हे तुमी आमाला सांगायलाव?”

हा मजकूर मी कस्तुराबाईंना पेडगावात वाचून दाखवला. कोकिळाबाई पिंगळीहून आल्या होत्या. पहिल्या खर्ड्यात मी एक परिच्छेद लिहिला होता, त्या काळातील जातीची बंधने, मुलीच्या सासरचा धाक, बाईमाणसाची अगतिकता यांविषयी. कस्तुराबाईंनी हात वर करून मला थांबवले.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मी लिहिलं.”

“काढ ते.”

मी काढले. तो परिच्छेद खोटा होता असे मला अजूनही वाटत नाही. पण तो माझा होता, त्यांचा नव्हता. मी त्यांना हेही सांगितले, की पार्वतीबाई नाहीत, बायनाबाई नाहीत, तेव्हा आता हे सांगण्यात त्यांचे काही जात नाही. त्यांनी ते मान्य केले. मग विचारले, छापलेले हे पिंगळीला पोहोचेल का? मी म्हणालो, पोहोचेल.

“मंग नाव घालून लिही,” त्या म्हणाल्या. “माझं, गावाचं, इहिणीचं. अन् लिही का ती डिंक इकायला आली नव्हती.”

ती डिंक विकायला आली नव्हती.